ताईचे एक्केचाळीस तास

गुरुवारी दुपारी पावणेतीनला माझ्या हातात एका म्हातारबुवांची खालची कवळी होती, मेणाची, अजून कोमट. मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही दात बनवून पाठवतो. ज्याचे दात त्याचं तोंड आम्हाला कधी बघायला मिळत नाही, आणि माझ्यासारख्याला तेच बरं. फोन वाजला. नंबर इथलाच, पण अनोळखी.

"बारक्या, मी आलेय."

बावन्न वर्षांच्या, अर्धं टक्कल पडलेल्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलंय, माझी थोरली बहीण. मी म्हटलं, "कुठे आलीयेस ताई?"

"तुझ्या विमानतळावर. एका भल्या बाईने तिचा फोन दिलाय. जास्त बोलत बसू नकोस, ये लवकर."

कवळी हातातून सुटली आणि पुढचे दोन दात टेबलाखाली गेले. "बहीण आलीय" एवढंच साहेबांना सांगून मी गाडी काढली. चाळीस मिनिटांचा रस्ता. अकरा वर्षांत पहिल्यांदा बहीण माझ्याकडे आली होती, मला आनंद व्हायला हवा होता. सांगायला जीभ रेटत नाही, पण सगळं खरंच सांगायचं असं ठरवून बसलोय, तेव्हा सांगतो. त्या अख्ख्या रस्त्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: ही कुठल्या विमानाने आली?

ती बाहेरच्या बाकावर बसली होती. बूट काढून शेजारी नीट मांडून ठेवले होते. पाय असे सुजलेले, की घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मला बघून ती गुडघ्यांवर हात दाबत उठली आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखी हसली.

"तू सांगितलं होतंस तश्शीच आले! तीन विमानं, एक्केचाळीस तास. एकही चुकवलं नाही, कळलं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. का, ते सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इकडे आलो तेव्हा खरंच तीन विमानं बदलून आलो होतो. एका विमानतळावर नऊ तास, दुसऱ्यावर सहा, सगळे मिळून एक्केचाळीस. आल्या आल्या ताईला फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं. तिने ते वहीत उतरवून घेतलं, कुठे उतरायचं, कुठे किती थांबायचं, सगळं. तिसऱ्या वर्षी डायरेक्ट विमान सुरू झालं. इकडून उडतं, तिकडे उतरतं, मधे काही नाही. सात हजार सहाशे किलोमीटर, नऊ तास चाळीस मिनिटं. मी ते ताईला सांगितलं नाही.

पहिल्यांदा नुसतं सांगायचं राहून गेलं. मग फोनवर ती म्हणायची, "किती रे लांब गेलास," आणि मी म्हणायचो, "हो ना." खोटं असं मी बोललोच नव्हतो, खरं शिळं झालं होतं आणि मी तेच वाढत होतो. पुढे मात्र सर्रास बोलायला लागलो. ती म्हणाली, "एकदा येऊन जाऊ का?" तर मी म्हणालो, "ताई, एक्केचाळीस तास. तुझे गुडघे." ती म्हणाली, "तूच ये की," तर मी म्हणालो, "यायचे दोन दिवस, जायचे दोन दिवस, रजाच तेवढ्यात संपते." जवळ आहे म्हटलं की जावं लागतं, एवढं साधं गणित होतं. आणि बाकीच्या सुट्ट्या आम्ही समुद्रावर जाऊन घालवत होतो.

मधे एकदा गेलो होतो, चार वर्षांपूर्वी. डायरेक्ट विमानाने गेलो, आणि ताईच्या दारात पाऊल टाकताना खांदे पाडले, डोळे चोळले. तिने गरम पाण्यात मीठ घालून माझे पाय शेकले. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सगळ्यांना दटावलं, "त्याला झोपू द्या, दोन दिवसांचा प्रवास करून आलाय पोरगा." आणि भर दुपारी खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत मी झोपेचं सोंग घेऊन पडलो. विमानात चांगली सहा तास झोप झाली होती, झोप कुठून येणार? बायको शेजारी बसून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "लाज वाटत नाही?" मी कूस बदलली.

असं दटावणाऱ्या या भाऊजींनीच मला वाढवलं होतं. आईवडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. नव्या नवरीबरोबर एक शेंबडा मेहुणाही घरात आला, आणि भाऊजींनी एका शब्दाने कधी जाणवू दिलं नाही. ते लेथ मशीनवर काम करायचे. हातात कानस कशी धरायची, घाई न करता कसं घासायचं, हे त्यांनी मला शिकवलं. माझं आजचं पोट त्याच हातावर चालतं.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. ताईने फोन केला तेव्हा तिकडे सकाळचे सहा वाजले होते, इकडे दहा. सुट्टीचा दिवस होता, म्हणजे लॅबचाही बहाणा नव्हता. बायकोने काही न विचारता माळ्यावरची बॅग काढून पलंगावर ठेवली. मी फोनवर दोन विमानतळांची नावं टाकून अंतर बघितलं. अहो, मला पाठ होतं ते! तरी बघितलं, जणू आजच्या दिवसापुरतं ते वाढलं असेल. सात हजार सहाशे. नऊ तास चाळीस मिनिटं. विमान दुपारी दोनला.

मग मी ताईला फोन करून म्हणालो, "ताई, मला पोचायला दोन दिवस लागतील गं." आणि ती, तिचा नवरा शेजारच्या खोलीत निष्प्राण पडलेला असताना, मला म्हणाली, "नको रे धावपळ करूस. पोचणार नाहीस तू. तिथूनच नमस्कार कर."

का नाही गेलो? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की प्रश्नच गुळगुळीत झालाय. मला त्यांना तसं बघायचं नव्हतं. रडणाऱ्या माणसांत उभं राहायचं नव्हतं. भित्रा होतो, आणि माझ्याजवळ भित्र्याला हवी तशी पळवाट आयती तयार होती. बॅग मी परत माळ्यावर चढवली. बायको त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तर अशा माणसाच्या गाडीत, पुढच्या सीटवर, सुजलेले पाय लांब करून ताई बसली होती आणि खिडकीतून इकडचं शहर बघत होती. "अचानक कशी आलीस?" मी विचारलं.

"गुडघे बदलायचे आहेत ना. डॉक्टर म्हणाले, थंडी संपली की ऑपरेशन. म्हटलं, नवीन गुडघ्यांचा काय भरवसा, जुन्यांवरच एकदा बारक्याचं घर बघून येऊ. आधी सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

नसतंच येऊ दिलं.

घरी बायकोने दार उघडलं. आधी तिने ताईला मिठी मारली, मग तिची नजर खाली पायांकडे गेली, मग माझ्याकडे. त्या नजरेचं वर्णन मी करत नाही. "वन्सं, आधी पाय पाण्यात ठेवा," एवढंच ती म्हणाली आणि टब आणायला गेली.

संध्याकाळी जेवताना ताईने प्रवास सांगितला. ती सांगायला लागली की घरात दुसऱ्या कोणाला बोलायची सोय नसते. तिने वाटेतल्या दोन्ही विमानतळांना नावंसुद्धा ठेवली होती. एक गारठ्याचा, एक अत्तरांचा. "अत्तरांच्या विमानतळावर नऊ तास बसले बाई एका खुर्चीवर. समोर अत्तराचं दुकान. येणारा-जाणारा प्रत्येक जण मनगटावर मारून बघतोय, विकत कोणी घेत नाही. नऊ तासांनी माझं डोकं असं चढलं, की वाटलं आता मीच जाऊन एक बाटली घेते आणि फोडते!"

"झोपला नाहीत का जरा?" बायकोने विचारलं.

"झोपले आणि विमान गेलं म्हणजे? छे. आणि पाणीसुद्धा प्यायले नाही गं. प्यायलं की जावं लागतं. ते लांब, पाट्या वाचता येत नाहीत, परत हीच खुर्ची सापडली नाही तर काय करायचं? ओठ ओले करत राहिले नुसते."

"चाकाची खुर्ची का नाही मागितलीस?" मी म्हणालो. माझा आवाज उगाच चढला होता.

"कशाला लोकांना त्रास? आणि बारक्या, तूही असाच येतोस-जातोस ना? मग मी काय साखरेची आहे?" मग ती बायकोकडे वळली. "पण खरी गंमत तिकीट काढतानाच झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो तिकीटवाला आहे ना, चष्म्याचा, शेजारणीचा जावई, त्याच्याकडे गेले. वही पुढे केली. म्हटलं, अस्सं तिकीट दे. तो म्हणतो, 'काकू, एवढा वळसा कशाला? डायरेक्ट फ्लाईट आहे. नऊ तास चाळीस मिनिटं.' आणि तो कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवून दाखवायला लागला."

माझा घास तोंडातच राहिला.

"मग?" बायकोने विचारलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"मग काय! मी काय त्याला ऐकते? म्हटलं, माझा भाऊ अकरा वर्षं तिकडे राहतो, तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का? तो म्हणतो, 'काकू, तुमच्या भावाला बहुतेक माहीत नसेल.' माहीत नसेल! माझ्या बारक्याला! असं डोकं फिरलं माझं. दुकानात पाच-सहा माणसं होती. सगळ्यांसमोर म्हटलं, म्हाताऱ्या बाईला एकटी बघून भलतंसलतं तिकीट गळ्यात मारतोस? खोटारडा कुठला! भावाला विचारून बघ, नऊ तासांत येता आलं असतं तर माझा भाऊ दर वर्षी आला असता." ती पाणी प्यायली. "बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मुकाट्याने हवं तसं तिकीट काढून दिलं. आता समोरून आला की मी मान फिरवते. तोही फिरवतो."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या खोट्याचा गोटा भलत्याच्याच कपाळी बसला होता. मी ताटातला भात चिवडत राहिलो आणि ताई म्हणाली, "तू जेवत का नाहीस? दाताच्या माणसाचेच दात दुखतायत की काय?" आणि स्वतःच खदखदून हसली.

भांडी आवरताना बायको हळू आवाजात म्हणाली, "परतीचं तिकीटही तसंच आहे. पुन्हा तीन विमानं."

"माहितीय."

"त्या पायांनी?"

"तूच सांग ना तिला काहीतरी."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. "मी काही सांगणार नाही. तुम्ही घातलेला घोळ आहे, तुम्हीच निस्तरा. पण त्या पुन्हा तशा गेल्या, तर मी या घरात तुमच्याबरोबर कशी राहीन, मला माहीत नाही."

पंधरा दिवसांसाठी आली होती ताई. सूज उतरायला पाच दिवस लागले. तोवर ती माझ्या चपला घालून घरात फिरत होती. मुलगा शिकायला दुसऱ्या गावी असतो, त्याच्या खोलीत ती झोपायची आणि सकाळी माझ्याआधी उठून माझा डबा भरायची, नको म्हटलं तरी. शेजारच्या म्हातारीशी तिची दोस्ती झाली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. ताई कुंपणावरून तिला तीन बोटं दाखवायची, मग हात विमानासारखा उडवायची, मग पुन्हा तीन बोटं. म्हातारी दोन्ही हात गालांवर ठेवायची. मी खिडकीतून बघायचो आणि वाटायचं, आत्ता धरणीने पोटात घ्यावं.

मी काय काय विचार केला, ते सांगायचीही लाज वाटते. वाटलं, विमान कंपनीला फोन करून तिकीट बदलावं आणि तिला काहीच सांगू नये, ती बसेल त्या विमानात. पण ती काय खुळी आहे? एकाच विमानात बसून घरी उतरली की कळणारच. वाटलं, तिच्याबरोबर तीन विमानांतून मीच जावं, तिचं सामान उचलावं, म्हणजे निदान प्रायश्चित्त होईल. म्हणजे बघा, खरं बोलण्यापेक्षा एक्केचाळीस तास मला सोपे वाटत होते! कारण घोडं नऊ तासांवर पेंड खात नव्हतं. नऊ तास कळले, की ती बोटांवर मोजणार, आणि मोजत मोजत भाऊजी गेले त्या दिवसापर्यंत जाणार. ते मला नको होतं. बाकी काहीही चाललं असतं.

शेवटी शनिवारी दुपारच्या चहाला मी तोंड उघडलं. आणि काय केलं असेल? आणखी एक खोटं बोललो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"ताई, एक चांगली बातमी. तुझं परतीचं तिकीट बदलतोय. नवीन विमान सुरू झालंय, डायरेक्ट. मधे कुठे उतरायला नको."

"अगंबाई! खरंच? कधी सुरू झालं?"

"मागच्याच महिन्यात."

बायकोने कप बशीत आपटला. ताईचा चेहरा फुलला होता. तिने गुडघ्यावरून हात फिरवला. मग कपाळाला एक आठी पडली.

"मागच्या महिन्यात कसं? तो तिकीटवाला म्हणत होता, आठ वर्षं झाली. म्हणून तर मी त्याला खोटारडा म्हटलं. आठ वर्षं झाली असती तर बारक्याला कळलं नसतं का, म्हटलं."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"बारक्या," ती म्हणाली. लहानपणी मी शाळा बुडवून आलो की ती अशीच विचारायची, आवाज न चढवता. "तो खरं बोलत होता?"

"हो."

"आठ वर्षं?"

"हो ताई."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं आता रागावेल. रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण ती भिंतीकडे बघत होती आणि तिचा अंगठा एकेका बोटावरून सरकत होता.

"हे गेले, तेव्हा मी तुला सहाला फोन केला होता."

"हो."

"इकडचे किती?"

"दहा."

"त्या दिवशी विमान होतं?"

"होतं. दुपारी दोनला."

"मग तू किती वाजता पोचला असतास? घड्याळं मागेपुढे असतात, तीही धर."

मी बशीत सांडलेला चहा पुसायला लागलो. "सांग ना," ती म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही."

"रात्री अकरापर्यंत. घरी."

"आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला नेलं. दीर यायचे होते ना. ते बसने आले. चौदा तास लागले त्यांना बसला. त्यांच्यासाठीच ठेवलं होतं. सगळे विचारत होते, बारक्याचं काय, बारक्यासाठी थांबायचं का? मीच म्हटलं, त्याला कसं जमेल, त्याला दोन दिवस लागतात. मीच सांगितलं सगळ्यांना. दीर तर मला म्हणाले, पोराची मनातून किती तगमग होत असेल तिकडे."

बायको रडत होती. मी रडलो नाही, मला तो हक्कच नव्हता. मी म्हणालो, "ताई, मी घाबरलो होतो. मला त्यांना तसं बघवलं नसतं."

"मला बघवत होतं का रे?"

चहावर साय धरली. मग ताईने चष्मा पुसला आणि म्हणाली, "तिकीटवाल्याला फोन लाव."

"आत्ता? कशाला?"

"लाव म्हणते ना. तिकडे दुपार असेल, दुकानात असेल तो. चार माणसांत त्याला खोटारडा म्हटलंय मी. रोज मान फिरवतोय बिचारा."

तिच्या पर्समधल्या तिकिटावर दुकानाचा नंबर होता. मी लावून दिला आणि आवाज मोठा केला, कारण तिला नीट ऐकू येत नाही. दोनदा वाजून त्याने उचलला.

"काकू? पोचलात ना नीट? पाय कसे आहेत?" पहिलं वाक्य हेच. तीन आठवडे मान फिरवणाऱ्या बाईचे पाय त्याच्या लक्षात होते.

"पोचले रे बाबा. हे बघ, मी तुला त्या दिवशी नको ते बोलले. तू बरोबर सांगत होतास."

"अहो जाऊ द्या काकू—"

"जाऊ कसं देऊ? ऐक. भावाने मला कधीच सांगितलं होतं डायरेक्ट विमानाचं. मीच विसरले. जुनी वही घेऊन आले तुझ्याकडे. चूक माझी. भावाची नाही."

मी हात पुढे केला. "ताई, दे इकडे, मी सांगतो त्याला." तिने फोन उचलला, दुसऱ्या कानाला लावला आणि डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"हो हो," पलीकडून तो म्हणाला, थोडं थांबून, सांभाळून. "होतं असं काकू. जुन्या वह्यांत होतं असं." आणि मला कळलं, की याला त्या दिवशीच सगळं कळलं होतं. मुकाट्याने तिकीट काढून दिलं ते म्हणूनच. पाच-सहा माणसांसमोर ताईला तिचा भाऊ खोटं बोलतोय हे सिद्ध करून दाखवण्यापेक्षा त्याने स्वतः खोटारडा म्हणवून घेतलं होतं. ज्याला मी कधी बघितलं नाही, त्या माणसाने माझी अब्रू झाकली होती.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "माझ्यासाठी तू खोटं का बोललीस ताई?"

"तुझ्यासाठी?" पहिल्यांदाच तिचा आवाज कापरा झाला. "तुझ्यासाठी नाही. यांच्यासाठी. 'त्यांनी वाढवलेला पोरगा असा निघाला,' असं आमच्या गल्लीत कोणी म्हणायला नको. मेल्यावर तरी नको."

ती उठली, मुलाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी बाहेर आली तेव्हा नेहमीसारखी होती. कांदा चिरत बायकोशी बोलली. मलाही मीठ दे, पाणी दे म्हणाली. उरलेले दिवस तसेच गेले, एकही टोमणा नाही. तिने टोमणे मारावेत म्हणून मी तिच्या आसपास घुटमळत राहायचो. डबा मात्र तिने पुन्हा भरला नाही, आणि शेजारच्या म्हातारीला तीन बोटं दाखवली नाहीत.

गुरुवारी तिला सोडायला गेलो. चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती, ती त्यात बसली. मी म्हणालो, "मी येतो तुझ्याबरोबर, सोडून परत येतो."

"नऊ तासांना कशाला सोबत?"

"मग ऑपरेशनला येतो. पंधरा दिवस राहतो. रजा टाकलीय मी, कालच."

"बघ. जमलं तर ये," ती म्हणाली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला, पण तो कसा, तर आपण दुसऱ्याच्या मुलाच्या गालावरून फिरवतो तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये होतो तेव्हा तिचा फोन आला. मी कानस खाली ठेवून बाहेर जिन्यात गेलो.

"पोचले रे. रात्री घरी येऊन आपल्या अंथरुणात झोपलेसुद्धा. तिकीटवाला गाडी घेऊन आला होता घ्यायला, नको म्हटलं तरी."

"पाय?"

"काही नाही पायांना. बूट तसेच बसले. एकदा जेवण दिलं, शेजारच्या मुलीने तिच्या बाळाचे फोटो दाखवले, मग माझा डोळा लागला. उठवलं तर म्हणे उतरा." ती हसायला लागली आणि मधेच थांबली. मग ती अगदी हळू म्हणाली, "बारक्या, एवढंच होतं रे?"

"हो ताई," मी म्हणालो. "एवढंच होतं."